खवते एक, जेवते दुसरी

सौमू बिंती ओमारीनं आयुष्यात दोनेक हजार ओळी रचल्या असतील, पण स्वतःचं नाव कुठं छापलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. नाही म्हणायला मतदारयादीत होतं, तेही चुकीचं.

कांगा म्हणजे आमच्याकडच्या बायका कमरेला आणि डोक्याला गुंडाळतात तो छापील कपडा, आणि कांग्याला ओळ लागते. ओळ नसेल तर तो नुसता कपडा. पडदा करा नाहीतर पोतेरं करा. बाजारात कांग्याची जोडी घेणारी बाई आधी काठावरची ओळ वाचते आणि मग रंग बघते. शेजारणीला टोमणा मारायचा असतो, नवऱ्याला समज द्यायची असते, सासूची माफी मागायची असते, आणि हे सगळं तोंडानं बोललं तर भांडण होतं. कमरेला गुंडाळून समोरून एक फेरी मारली की काम फत्ते. कुणी जाब विचारलाच तर म्हणायला मोकळी, मी कुठं काय बोलले, कपडा नेसलेय. टांगा शहरात हसनभाई नावाच्या कच्छी व्यापाऱ्यासाठी सौमूनं चाळीस वर्षं या ओळी जुळवल्या. कपड्यावर पेढीचा शिक्का असे, नक्षीचा नंबर असे. ओळ करणारीचं नाव नसे. तिनं ते कधी मागितलं नाही. मागितलं नाही म्हणजे नको होतं असं मात्र नाही.

त्यामुळे दार-एस-सलामहून म्वाजुमाचा फोन आला आणि ती म्हणाली, "मोठी आई, इथं उत्सव आहे, तुझ्या ओळींना तुझं नाव लावायचंय, येशील?" तेव्हा सौमूनं आढेवेढे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशीची पहाटेची बस धरली.

म्वाजुमा तिच्या धाकट्या बहिणीची, किबिबीची मुलगी. आईची थोरली बहीण ती मोठी आई. मग आई आणि मोठी आई एकोणीस वर्षं एकमेकींशी बोलत नसल्या तरी नातं काही बदलत नाही. बोलणं तुटलं तेव्हा म्वाजुमा सात वर्षांची होती. का तुटलं ते तिला कुणी सांगितलं नाही. हातात पहिला फोन आला त्या दिवशी तिनं मोठ्या आईचा नंबर शोधून काढला, आणि आईनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

उत्सव बंदराजवळच्या जुन्या गोदामांत होता. नव्या यंत्रांचा आणि कलेचा, तीन दिवसांचा. गळ्यात पट्टे आणि पट्ट्यांना नावं लटकवलेली तरुण पोरं-पोरी सगळीकडे घाईत होती. एका कोपऱ्यात डोळ्यांवर डबे बांधून माणसं हवेत हात मारत उभी होती. दुसरीकडे एक मुलगा नुसत्या बोटांच्या इशाऱ्यावर ढोल वाजवत होता आणि ढोल कुठंच नव्हता.

"यांना बाहेरचं काही लागलंय का गं?" सौमूनं विचारलं.

"खेळ आहे तो, मोठी आई."

"असू दे. आमच्याकडे असं केलं की मौलवींना बोलावतात."

म्वाजुमाचं दालन शेवटच्या गोदामात होतं. तिनं एक यंत्र केलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं सोमो. लग्नाआधी मुलीला चार गोष्टी कानात सांगणारी जाणती बाई म्हणजे सोमो. तसंच हे यंत्र. आपण त्याच्यापाशी बसायचं, मनातलं दुःख हळू आवाजात सांगायचं, आणि ते त्या दुःखाला शोभेल अशी ओळ शोधून तिथल्या तिथं कांग्यावर छापून द्यायचं. म्वाजुमानं त्याला हजारो जुन्या कांग्यांवरच्या ओळी शिकवल्या होत्या. टांगा, मोंबासा, झांझिबार, लामू. म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडून, फोटो काढून. बहुतेक वेळा ते नवी ओळ रचायचं. जुनीच चपखल बसत असेल तर जुनीच द्यायचं.

यंत्राभोवती छतापासून कांगे सोडले होते. पिवळे, तांबडे, काळे, धुवून धुवून मऊ पडलेले. प्रत्येकाखाली एक पुठ्ठ्याची पट्टी: साल, गाव, आणि शेवटी 'रचनाकार: अज्ञात'.

सौमू दहा-बारा पट्ट्या वाचून थांबली.

"हा अज्ञात कोण? बराच कामसू दिसतो."

म्वाजुमा हसली, पण तिचे डोळे भरले होते. "तोच तर मला पुसून टाकायचाय. तू फक्त हात लावत चल. हात लावशील ती तुझी."

मग सौमू त्या कांग्यांच्या गल्ल्यांतून चालायला लागली. एखादी ओळ दिसली की पदर चाचपावा तसा काठ चाचपायची आणि म्हणायची, "ही माझी. चौऱ्याऐंशी साल, साखर मिळत नव्हती तेव्हाची." "ही माझी. हसनभाईच्या सुनेसाठी केली होती, ती रुसून माहेरी गेली होती. हसनभाईनं तिला नेऊन दिली आणि ती परत आली." मागून म्वाजुमा जुनी पट्टी काढून नवी लावत होती. सौमू बिंती ओमारी. सौमू बिंती ओमारी. सौमूनं पहिली पट्टी तीनदा वाचली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. भूक मात्र सडकून लागली. तिनं वेलदोड्याचा चहा आणि दोन तळलेली गोड मांदाझी मागवली आणि आपल्या नावाकडे बघत उभ्याउभ्या खाल्ली.

तिसऱ्या गल्लीच्या टोकाला तो कांगा होता. जांभळ्या काठाचा. खवते एक, जेवते दुसरी.

सौमूनं त्याला हात लावला नाही.

"आणि ही?" म्वाजुमानं विचारलं. "ही तर टांग्याचीच आहे. हसनभाईंचाच शिक्का आहे."

"पुढं चल."

एकोणीस वर्षांपूर्वीची ईद. किबिबीच्या नवऱ्यानं, शाबानीनं, तीन महिन्यांपूर्वी दुसरी बायको केली होती आणि तिला चार घरं सोडून ठेवलं होतं. पण नारळाच्या दुधातला भात त्याला किबिबीच्याच हातचा लागायचा. त्या दिवशी किबिबी पहाटेपासून खवणीवर बसली. सहा नारळ. शाबानी आला, भाताचं भांडं झाकणासकट उचललं आणि दुसरीकडे घेऊन गेला. पाहुणे तिकडे आहेत म्हणाला. किबिबी खवणीवरून उठली नाही. रिकाम्या करवंट्या पुढ्यात होत्या. सौमू शेजारी बसली होती. थोरलीकडे न बघता किबिबी म्हणाली, "बघ ताई. खवते एक, जेवते दुसरी." आणि मग रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही फक्त बहिणीसमोर.

सौमूनं तिला जवळ घेतलं, डोकं चेपलं, सगळं केलं. पण रचणारीचा कान मेला वाईट. रडणारी बहीण मांडीवर, आणि हिच्या डोक्यात ते चार शब्द लय धरून बसलेले. पुढच्या आठवड्यात हसनभाईंना दहा ओळी द्यायच्या होत्या आणि नऊच झाल्या होत्या.

हसनभाई म्हणाले, सौमूबेन, ही तर सोन्याची ओळ. दोन महिन्यांत तो कांगा गावभर झाला. आणि एका शुक्रवारी शाबानीच्या धाकट्या बायकोनं तो नेसला. कुणाची ओळ, कुठून आली, बिचारीला काय ठाऊक; तिला एवढंच ठाऊक की जेवणारी ती आहे. किबिबीच्या दारावरून ती सावकाश चालत गेली. ओट्यावरच्या बायकांनी वाचलं, आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

किबिबीनंही वाचलं. ती भांडली नाही, ओरडली नाही. महिन्याभरात तिनं घटस्फोट मागून घेतला, मुलीला घेतलं आणि दार-एस-सलामला तेमेकेत राहायला गेली. जाताना थोरलीचा निरोप घेतला नाही. सौमूनं निरोप पाठवले, माणसं पाठवली, एकदा स्वतः जाऊन दारात उभी राहिली. दार उघडलं नाही. आमच्याकडे भेटल्यावर धाकटीनं आधी नमस्काराचं 'शिकामो' म्हणायचं आणि थोरलीनं 'मराहाबा' म्हणून ते घ्यायचं. किबिबीनं शिकामो बंद केलं, आणि सौमूपाशी घेण्यासारखं काही उरलं नाही.

दुपारी यंत्राचं प्रात्यक्षिक होतं. उत्सवाचे प्रमुख केसीसाहेब ध्वनिक्षेपक घेऊन उभे राहिले, चारशे-पाचशे माणसं खुर्च्यांवर बसली, आणि सौमूला पुढच्या रांगेत बसवलं. एक परिचारिका उठून आली. इस्पितळातल्या गणवेशातच होती. यंत्रापाशी तिनं हळू बोलायचं होतं, पण ध्वनिक्षेपक चालूच राहिला आणि सगळ्यांना ऐकू गेलं. तीन वर्षं तिनं एका मुलाच्या शिक्षणासाठी रात्रपाळ्या केल्या होत्या. येत्या शनिवारी त्याचं लग्न होतं, दुसरीशी.

यंत्र थोडं घरघरलं. कापड बाहेर आलं. मुलीनं ते उलगडलं आणि वाचलं. खवते एक, जेवते दुसरी.

सभागृहात आधी चुकचुकाट झाला, मग टाळ्या. ती मुलगी कांगा छातीशी धरून तिथंच रडायला लागली.

"ही यंत्राची ओळ नाही," म्वाजुमा म्हणाली. "जुनी आहे. यापेक्षा चांगली त्याला सुचली नसावी."

केसीसाहेब सौमूकडे वळले. "सौमूबाई, असं फक्त तुम्हालाच सुचू शकतं. पण तिकडच्या जुन्या कांग्याखाली तुमचं नाव दिसत नाही. कुणाची ओळ ही?"

'माझी' म्हणायला एक शब्द लागला असता. 'ठाऊक नाही' म्हणायला दोन. सौमू उठली तेव्हा यातलं काय म्हणायचं हे तिचं ठरलेलं नव्हतं. पण एकोणीस वर्षांचं ओझं होतं, आणि सकाळपासून स्वतःचं नाव वाचून वाचून तिला नावाची नशा चढली होती. नाव देणं म्हणजे पुण्य, असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि तिला ते अगदी मनापासून वाटलं.

"माझी नाही," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या बहिणीची. किबिबी बिंती ओमारी. तिचा नवरा तिच्या हातचा भात उचलून सवतीकडे घेऊन गेला तेव्हा ती हे बोलली. मी ते चोरलं आणि विकलं. आज इथं सगळ्यांसमोर तिचं तिला परत करते."

लोक उभे राहिले. इतक्या टाळ्या तिच्या स्वतःच्या ओळींनाही मिळाल्या नव्हत्या. शेकडो फोन वर झाले. म्वाजुमानं धावत येऊन तिला मिठी मारली. "म्हणजे यासाठी? एवढ्यासाठी तुम्ही दोघी..."  संध्याकाळच्या आत जांभळ्या कांग्याखाली नवी पट्टी लागली, आणि तिच्यावर खास दिवा सोडला. किबिबी बिंती ओमारी. सौमूला कितीतरी वर्षांनी हलकं वाटलं. म्वाजुमानं आईला फोन केला आणि एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी ये. तुझ्यासाठी काहीतरी आहे."

किबिबी आली. लेकीच्या कामासाठी आली होती, चांगला काळा पायघोळ बुईबुई घालून, डोक्यावर नवा कांगा घेऊन. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच. तेमेकेतल्या दोन शेजारणीही बरोबर होत्या, कारण पोरीचं कौतुक चारचौघींना दाखवायचं असतं. दालनात तिच्याहून मोठ्या दोन बायका बसल्या होत्या, त्यांना तिनं शिकामो केलं. सौमूसमोरून ती तशीच गेली.

"आई, मोठी आई आलीय," म्वाजुमा म्हणाली.

"दिसतंय. तिला विचार, प्रवास नीट झाला का."

"ती इथंच आहे, आई. तूच विचार."

"मी तुला सांगितलंय विचारायला."

"नीट झाला," सौमू हवेत बघत म्हणाली.

म्वाजुमानं आईचा हात धरला आणि तिला तिसऱ्या गल्लीच्या टोकाशी नेलं. शेजारणी मागोमाग. सौमूही मागं गेली.  आता ती वाचेल, आता वळेल, असं तिला वाटत होतं.

किबिबीनं ओळ वाचली. मग दिव्याखालची पट्टी वाचली. शेजारणींपैकी एक मोठ्यानं म्हणाली, "अगंबाई, किबिबी! ही तुझी? म्हणजे तो भात... काल फोनवर एक बाई माईकवर सांगताना दिसत होती, ते तुझंच?" आणि दुसरीनं तिला कोपर मारलं.

किबिबीनं पट्टी परत एकदा वाचली. मग शेजारणींना म्हणाली, "तुम्ही जरा तो हवेतला ढोल बघून या." त्या गेल्या.

"तुझ्या मोठ्या आईला सांग," ती लेकीला म्हणाली, "हे कुणी..." आणि तिथं तिचा आवाज फाटला. ती एकदम वळली.

"सौमू! तुला ठाऊक आहे, तो कांगा मी विकत घेतला होता?"

एकोणीस वर्षांनी तिनं नाव घेतलं होतं. 

"तेमेकेत आल्यावर. मी तो दहा वर्षं नेसले. लग्नांना, मयतांना, पाण्याच्या नळावर. का? की कुणाला कधी संशय येऊ नये. स्वतःलाच बोचणारी ओळ बाई कशी नेसेल! लोक म्हणायचे, काय झकास ओळ आहे गं, आणि मी म्हणायची, हो ना, कुठल्या दुर्दैवी बाईची असेल कोण जाणे. ते मी बोलले होते हे फक्त तुला ठाऊक होतं आणि मला. तू शब्द नेलेस, पण माझं नाव माझ्यापाशी होतं. त्याच्यावर मी संसार उभा केला. पोरीला शिकवली. आणि काल तू माईकवर उभी राहून तेही देऊन टाकलंस."

"मी तुझं तुला परत..."

"परत? परत करायचं तर घरी येऊन हातात ठेवतात, ताई. बाजारात मांडत नाहीत. तेव्हा तू मला विचारलं नाहीस. कालही नाही विचारलंस."

आयुष्यभर लोकांच्या भांडणांना शब्द पुरवणारी ती बाई उभीच राहिली. एकही ओळ येईना. तिला तिथं लख्ख दिसलं की काल ती बहिणीसाठी उठलीच नव्हती. स्वतःचं ओझं उतरवायला उठली होती, आणि ते उतरवून तिनं बहिणीच्याच डोक्यावर ठेवलं होतं.

"चुकले," ती म्हणाली. "तेव्हाही आणि कालही."

म्वाजुमानं पट्टीकडे हात नेला. "आई, मला ठाऊक नव्हतं. मी काढते. पट्टी काढते, दिवा काढते, यंत्रातूनही ओळ काढते. फोनवर फिरलं ते मात्र..." तिनं खाली बघितलं. "ते माझ्या हातात नाही."

"तू नको काढूस," सौमू म्हणाली.

तिनं स्टूल ओढून घेतलं. चौसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, तरी चढली. पट्टी चिकटवलेली होती. नखानं सोलून काढावी लागली. मग खाली उतरून तिनं कोरा पुठ्ठा मागितला, पेन मागितलं, आणि मेजावर वाकून स्वतःच्या अक्षरात लिहिलं, रचनाकार: अज्ञात.  ती पट्टी तिनं लगेच लावली नाही. बहिणीपुढं धरली.

"लावू?"

किबिबीनं ती हातात घेतली, वाचली. अज्ञात या शब्दावरून अंगठा फिरवला.

"कांगाही खाली घे," ती म्हणाली. "लोकांनी काल पाहिलाय. पट्टी बदलली तरी तेच आठवणार."

सौमू परत स्टुलावर चढली. चिमटे काढले. जांभळा कांगा घडी करून तिनं खाली दिला, आणि किबिबीनं तो पिशवीत घातला. त्या जागी छतावरून दोन मोकळ्या दोऱ्या लोंबत राहिल्या.

बाहेर शेजारणींचा आवाज यायला लागला होता. किबिबीनं डोक्यावरचं कापड सारखं केलं. तिला आता त्या दोघींबरोबर बसनं तेमेकेपर्यंत जायचं होतं, आणि वाटेत त्या काय काय विचारणार हे तिघींनाही ठाऊक होतं.

"किबिबी," सौमू म्हणाली. "मी तुझ्या घरी येऊ? विचारतेय."

किबिबी थांबली. थोरल्या बहिणीकडे तिनं नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

सौमूनं मान हलवली. विचारलं की नाही ऐकायची तयारी ठेवावी लागते, आणि ती तिनं ठेवली होती. म्वाजुमा काहीतरी बोलायला पुढं झाली, तर सौमूनं तिचा हात दाबला.

किबिबी दारापर्यंत गेली. शेजारणींनी तिला दोन्ही बाजूंनी घेरलं. तिथून मागं न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "परत विचार."